स्वस्तातलं छोटं रिव्हॉल्व्हर घ्यावं का? कळमन्याच्या एका व्यापारी भाऊंना उत्तर

भाऊ, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. भाऊंचं कळमना मार्केटात डाळीचं होलसेल दुकान आहे, घर बेसाला, वय ४१, घरी वहिनी अन् नववीतली पोरगी. शनिवारी रात्री गल्ल्यातले दोन-अडीच लाख ॲक्टिव्हाच्या डिक्कीत टाकून पारडीहून रिंग रोडनं दिघोरी, म्हाळगीनगर करत ते घरी येतात. मागच्या महिन्यात त्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या डोळ्यात मिरची पावडर फेकून बॅग नेली, तेव्हापासून भाऊंना धड झोप नाही. दीड लाख बाजूला काढून ठेवलेत अन् विचारून राहिले की ताई, एखादं छोटं स्वस्त रिव्हॉल्व्हर घेतलं तर पैसे सार्थकी लागतील का, की थोडे थांबून मोठं घेऊ.

माझं उत्तर आहे, आत्ता नका घेऊ. "आत्ता" हा शब्द मी विचार करूनच लिहिलाय, त्यावर शेवटी येते.

आधी किमतीचं बघू, कारण "स्वस्त" कुठून आलं ते मला तुमच्या मेसेजमधूनच समजलं. तुम्ही जो व्हिडिओ पाठवला तो अमेरिकेतला आहे, तिथं टॉरस किंवा चार्टर आर्म्स कंपनीचं पाच-सहा गोळ्यांचं, .३८ स्पेशल काडतुसाचं रिव्हॉल्व्हर तीन-चारशे डॉलरला दुकानात मिळते. ते आपल्या कामाचं नाही. ते काडतूस आपल्याकडं साध्या लायसन्सवर मिळत नाही अन् बाहेरून हत्यार मागवणं ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसाला बंद आहे. आपल्याकडं साधारण चालते ते .३२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप). कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं २०१४ मध्ये "निर्भीक" काढलं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या जवळ. त्याच सुमारास इशापूरच्या फॅक्टरीचं .२२ चं "निडर" आलं, अडीचशे ग्रॅमचं, ते पस्तीस हजाराच्या आसपास होतं, तुमच्या मित्रानं सांगितलेला "चाळीस हजारात येऊन जाते" हा आकडा बहुतेक तिथूनच आलाय. पण ती दहा-बारा वर्षांआधीची गोष्ट आहे. नंतर ऑगस्ट २०२३ मध्ये "प्रबल" आलं, ते सातशे ग्रॅमचं, अन् हरदोईजवळ संडीला इथं वेब्ली अँड स्कॉटचंही .३२ बनते. अन् अंबाझरीला फॅक्टरी आहे म्हणून नागपुरात स्वस्त पडेल असं जे तुम्हाला कोणी सांगितलं तेही डोक्यातून काढा, अंबाझरी आता यंत्र इंडिया या सरकारी कंपनीकडं आहे, तिथं तोफगोळ्यांचे भाग बनतात, रिव्हॉल्व्हर नाही.

आता टॅक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावरचा जीएसटी २८ टक्क्यावरून ४० टक्के झाला. म्हणजे एक लाख मूळ किंमत धरली तर आधी १ लाख २८ हजार लागायचे, आता १ लाख ४० हजार. आणि त्याच दिवसापासून, अगदी त्याच तारखेपासून, स्वतःच्या नावानं घेतलेल्या लाइफ अन् हेल्थ इन्शुरन्सवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. तुम्ही मेसेजमध्ये लिहिलं की टर्म इन्शुरन्स (म्हणजे ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तर घरच्यांना मोठी रक्कम देणारा विमा) "अजून राहूनच गेला". भाऊ, ते वाचून मला धस्स झालं, रिव्हॉल्व्हरचं वाचून तेवढं नाही झालं.

तर हत्यार १ लाख ४० हजार, त्यावर भिंतीत बसवायची लोखंडी तिजोरी, अर्जाची फी, ट्रेनिंग, काडतुसं, नेमबाजीच्या सरावाला रेंजवर जाणं-येणं, हे सगळं मिळून मी पहिल्या वर्षाला पावणेदोन लाखाचा अंदाज धरते. तुमचे दीड लाख तिथंच संपले अन् पंचवीस हजार वरून गेले.

बरं पैसे आहेत म्हणून दुकानात जाऊन घेता येत नाही हे तुम्हाला माहीतच असेल. तुमचं घर शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते म्हणून अर्ज पोलीस आयुक्तांकडं, गावाकडं असते तर जिल्हाधिकाऱ्यांकडं गेला असता. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं हत्यार सुरक्षित हाताळायचं ट्रेनिंग सर्टिफिकेट लागते, ठाण्यातून चौकशी होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतात, अन् मुख्य म्हणजे तुमच्या जिवाला खरोखर धोका आहे हे कागदावर दाखवावं लागते. ओळखीच्या माणसाला लुटलं एवढ्यावर काम भागेल असं धरून चालू नका. लायसन्स मिळालंच तर पाच वर्षांनी रिन्यू करा. राऊंड म्हणजे काडतुसं किती घ्यायची, एका वेळी किती, वर्षाला किती, हे लायसन्सवरच ठरलेलं असते, म्हणजे मनात आलं तेव्हा प्रॅक्टिस करू असं होत नाही. आणि आचारसंहिता लागली की ज्यांना पोलिसांची नोटीस येते त्यांना हत्यार जमा करावं लागते, २०२४ मध्येच बघा, १९ एप्रिलला लोकसभेचं मतदान झालं अन् २० नोव्हेंबरला विधानसभेचं, म्हणजे एकाच वर्षात दोनदा कित्येकांची हत्यारं ठाण्यात नाहीतर डीलरकडं पडून होती. तेवढे आठवडे तुमच्या शनिवारच्या बॅगेचं काय?

आता छोट्याचं. मी काही नेमबाज नाही, पण बाबांसोबत रेंजवर गेलेली आहे आणि हे माझ्या हातानं बघितलंय. आखूड नळीचं हलकं रिव्हॉल्व्हर दिसायला सोपं वाटते, खिशात बसते, बाईमाणसाला चालेल असं दुकानदार सांगतो, पण नेम धरायला तेच सगळ्यात कठीण. नळी तीन इंचाची, पुढचं टोक अन् मागची खाच जवळजवळ, त्यामुळं हात थोडासा हलला की दहा पावलांवर गोळी वीतभर दूर जाते. घोडा (मागची हातोडी) न चढवता नुसता चाप ओढायचा तर तो लांब आणि जड लागतो, ओढता ओढता नळी आपोआप खाली झुकते. वजन कमी म्हणून धक्का जास्त लागतो. हे सगळं सरावानं जमते, नाही असं नाही, पण सरावाला राऊंड लागतात, राऊंडला पैसे लागतात, आणि वेळ लागतो जो तुम्हाला दुकानातून मिळत नाही. म्हणजे जो माणूस पैसे वाचवायला छोटं घेतो त्यालाच सरावावर जास्त खर्च करावा लागतो. आणि तुमच्याच ओळखीच्या माणसासोबत काय झालं ते आठवा, दोन्ही हात हँडलवर, डोळ्यात मिरची, तीन-चार सेकंदात बॅग गेली. अशा वेळी कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून, न दिसणाऱ्या डोळ्यांनी, रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये गोळी चालवायची? बॅगेसोबत हत्यारही जाईल ही भीती मला जास्त वाटते. आणि चाललीच गोळी तर भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण तो हक्क कोर्टात सिद्ध होईपर्यंत वकील तुमच्या खर्चानं, हत्यार पुरावा म्हणून जप्त, आणि दुकान कोण बघणार.

बाबांचा विषय निघालाच तर सांगते. काटोलजवळ आमचा संत्र्याचा बगीचा, बाबांनी १९९१ मध्ये .३२ चं रिव्हॉल्व्हर घेतलं होतं, रात्री मोटारीवर पाणी द्यायला जायचे म्हणून. गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या खाली, चामड्याच्या कव्हरात. पूर्ण आयुष्यात रेंज सोडून एकदाही चालवलं नाही. २०१९ मध्ये बाबा गेले, तेराव्यानंतर मी ते कपाट उघडलं तर बंदुकीच्या तेलाचा वास अन् पट्ट्यातल्या काडतुसांवर हिरवा थर आलेला, चामड्यानं पितळ खाऊन टाकलं होतं. आई घाबरून म्हणे विहिरीत टाकून दे. तसं करता येत नाही, लायसन्सवाला गेला की वारसानं उशीर न करता ते जमा करायचं असते. मी जमा करायला गेले तर या ऑफिसातून त्या ऑफिसात, तिथून परत पहिल्या ऑफिसात, एकजण म्हणे मृत्यूचा दाखला अटेस्टेड पाहिजे, दुसरा म्हणे आईची सही इथं समोर पाहिजे, आणि आईला तेव्हा जिना चढवत नव्हता. मी सहा महिने काटोल-नागपूर करत होते. शेवटी डीलरकडं ठेवलं, दोन वर्षांनी लायसन्सवाला गिऱ्हाईक मिळाला, भाडं अन् माझ्या फेऱ्या वजा जाता हातात नऊ हजार आले. म्हणून कोणी सांगितलं की हत्यार म्हणजे सोन्यासारखं, कधीही विकता येते, तर ऐकू नका. आयात बंद असल्यामुळं जुन्या विलायती मालाला चांगला भाव येते हे खरं आहे, पण आपल्या देशी छोट्या रिव्हॉल्व्हरला ते लागू नाही, आणि विकायचं तरी फक्त लायसन्सवाल्यालाच.

एक गोष्ट तुम्ही मेसेजच्या शेवटी सहज लिहिली, ती मी सहज घेऊ शकत नाही. तुमच्या साळ्याच्या ओळखीचा कोणी मध्य प्रदेशच्या बाजूनं "माउझर", म्हणजे गावठी पिस्तूल, पंधरा हजारात आणून देतो म्हणे. भाऊ, हात जोडून सांगते, त्या माणसाचा नंबर डिलीट करा. विना लायसन्सचं हत्यार नुसतं जवळ सापडलं तरी शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि वरून दंड. दुकानाचं लायसन्स, बँकेची लिमिट, पोरीचं लग्न, सगळ्यावर त्याचा डाग पडतो. आणि असले गावठी कट्टे कधी कधी हातातच फुटतात.

आता तुमच्या दीड लाखाचं मी काय करीन ते सांगते. तुमच्याजवळ त्याशिवाय ९० हजाराची एफडी आहे, घरखर्च महिन्याला ४५ हजार, म्हणजे दोन महिन्यांचा आधार. डाळीच्या धंद्यात एक उधारी बुडाली तर एवढ्यात भागत नाही. त्यामुळं ९० हजार त्याच एफडीत टाका, चार महिने होतील. तुमचं होमलोन १२ लाख बाकी, साडेआठ टक्के, ११ वर्षं, हप्ता १४ हजाराच्या आसपास. पूर्ण दीड लाख तिथं भरले तर हप्ता तोच ठेवून जवळजवळ २५ हप्ते कमी होतात, म्हणजे दीड लाख भरून साडेतीन लाखाचे हप्ते वाचतात, हिशोब मी दोनदा करून बघितला. पण तरी मी आत्ता लोनमध्ये टाका म्हणणार नाही, कारण लोनमध्ये टाकलेला पैसा अडचणीत परत काढता येत नाही, अन् तुमच्या डोक्यावर छत्रीच नाहीये.

छत्री म्हणजे टर्म प्लॅन. एक कोटीचा, साठ वर्षं वयापर्यंत, तब्येत अन् व्यसन बघून वर्षाला वीस-पंचवीस हजार येईल. तुम्हाला खरी भीती कशाची आहे? बॅग गेली तर दोन लाख गेले, चार महिन्यांत भरून निघतील. तुम्हाला काही झालं तर वहिनींच्या हातात लोनचा हप्ता अन् पोरीची फी राहील. रस्त्यावरच्या हल्ल्यात माणूस गेला तरी टर्मचे पैसे मिळतात, रिव्हॉल्व्हर कमरेला असून गेला तर रिव्हॉल्व्हरचं मी वर सांगितलं तसं नऊ हजार मिळतात. त्यासोबत एक पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी, ती स्वस्तात होते, हातपाय गेला तर कामात येते.

आणि बॅगेसाठी "मनी इन ट्रान्झिट" म्हणून कव्हर असते, दुकानाच्या पॅकेज पॉलिसीत जोडून घेता येते, दुकानातून बँकेत, अन् पॉलिसीत तसं लिहून घेतलं असेल तर घरी, नेताना लुटलं तर रोकड भरून मिळते. पण अटी नीट वाचा, गाडीत बॅग ठेवून तुम्ही पानठेल्यावर उतरलात अन् डिक्की फोडली तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात, आणि रोकड किती होती हे वहीत लिहिलेलं लागते. वही म्हटली तर हेही सांगते, एका दिवशी एका माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे, क्लेम करताना हे उघडं पडू नये असं वाटत असेल तर आधीच तसा व्यवहार करू नका.

त्याहून चांगलं म्हणजे बॅगच हलकी करा. कळमन्यातले तुमचे किराणावाले गिऱ्हाईक घरी भाजी यूपीआयनं घेतात, दुकानाचं पेमेंट मात्र रोख आणतात कारण तुम्ही चालवून घेता. पन्नास हजाराच्या वर एनईएफटी किंवा चेक, असा बोर्ड लावा, दोन महिने कटकट होईल मग सवय पडेल. कॅश डिपॉझिट मशीन दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असली तरी चालू असते, दुपारी दोनला अन् पाचला असं दोनदा दुकानातल्या पोराला सोबत घेऊन भरून या, उजेडात. रात्री रिकाम्या डिक्कीनं घरी जा, अन् चार लोकांना दिसू द्या की रिकामी आहे.

हे सगळं झाल्यावर, समजा वर्षभरानं, प्रत्यक्ष धमकी आली, पाळत ठेवल्याचं लक्षात आलं, तर आधी ठाण्यात लेखी तक्रार द्या अन् मग लायसन्सचा अर्ज करा, तेव्हा मी स्वतः म्हणीन घ्या. पण तेव्हाही सगळ्यात छोटं अन् सगळ्यात स्वस्त नका घेऊ, थोडं वजनदार घ्या जे हातात स्थिर राहील, आणि पोरगी घरात आहे तर तिजोरी आधी बसवा, हत्यार नंतर. वहिनींना विचारून. तुमच्या मेसेजमध्ये त्यांचं मत कुठंच नव्हतं, ते मला खटकलं.

आता एवढं करा, मागच्या चार शनिवारी गल्ल्यात खरोखर किती रोकड होती ते वहीतून उतरवून मला पाठवा, अंदाजानं नको. ट्रान्झिट कव्हरची रक्कम त्यावरच ठरेल. आणि टर्मच्या मेडिकलला जाताना आदल्या रात्री सावजीकडं तिखट जेवायला जाऊ नका, सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं आहे.