कॅमेरा बंद ठेवणाऱ्या परीक्षकाचे मत

प्रश्न : मी ३१ वर्षांची असून हिंजवडीतील एका कंपनीत सहा वर्षे बॅकएंड डेव्हलपर आहे. एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीच्या तीन फेऱ्या मी पार केल्या. चौथ्या ऑनलाइन फेरीत परीक्षक ४० मिनिटे उशिरा आले, कॅमेरा बंद ठेवून त्यांनी ‘बायनरी ट्री’चा (माहिती झाडाच्या फांद्यांसारखी मांडण्याच्या रचनेचा) प्रश्न घातला, मी अडखळल्यावर “एवढेही येत नाही?” म्हणाले आणि शेवटी मूल होऊ देण्याचा विचार आहे का, असे विचारले. तीन आठवडे एचआरचे उत्तर नाही. मला खरोखरच काही येत नाही का? बँकेच्या परीक्षांकडे वळावे काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : उशीर, बंद कॅमेरा आणि तो शेरा हा सरळसरळ उद्धटपणा आहे आणि त्यावर अधिक खल करण्याची गरज मला वाटत नाही. मुलाबाळांविषयीचा प्रश्न मात्र वेगळा. भरतीत केवळ स्त्री म्हणून डावलण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती. तरीही एका तोंडी प्रश्नावरून भेदभाव सिद्ध करणे फार अवघड असते, म्हणून तुम्हाला तक्रारीच्या फेऱ्यात ढकलण्याची माझी इच्छा नाही. पुन्हा कोणी असे विचारले, तर “या पदावर रात्रपाळीची किंवा प्रवासाची अट आहे का? असल्यास तेवढ्यापुरते बोलू या,” असे शांतपणे म्हणा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी २०२० मध्ये संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी प्रश्न एकट्याने, बंद खोलीत सोडवला, तर काहींनी परीक्षकासमोर, मोठ्याने विचार सांगत सोडवला. समोर माणूस असलेल्यांची कामगिरी निम्म्याहून अधिक घसरली. एकट्याने सोडवणाऱ्या सर्व स्त्रियांना उत्तर आले आणि परीक्षकासमोर एकीलाही आले नाही. प्रयोग लहान होता, हे खरे. पण तुमची ती फेरी मला त्यातल्या दुसऱ्या गटासारखीच दिसते. मॅकवर काम करणारे असंख्य प्रोग्रॅमर इतर सॉफ्टवेअर बसवण्यासाठी वापरतात ते ‘होमब्रू’ लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेल यांनाही गूगलने नाकारले होते, आणि बायनरी ट्री फळ्यावर उलटा करता आला नाही म्हणून, असे त्यांनीच २०१५ मध्ये जाहीरपणे लिहिले.

तरीही तुमची मी पूर्ण पाठराखण करणार नाही. या कंपन्या ट्री आणि ग्राफ अशा माहितीच्या रचनांचे प्रश्न विचारतात हे गुपित नाही, आणि रोजच्या कामात एपीआय (दोन प्रोग्रॅमना जोडणारे दुवे), डेटाबेस आणि जुन्या कोडची दुरुस्ती यांतच वेळ गेल्याने हा अभ्यास गंजतो. तो पुन्हा करावा लागेल, मात्र एकटीने नव्हे: एखाद्या सहकारी मैत्रिणीला समोर बसवा, तिला मुद्दाम गप्प राहायला सांगा आणि तुम्ही काय विचार करत आहात ते मराठीत का होईना, मोठ्याने बोलत सोडवा. सुरुवातीला फार अवघडल्यासारखे होईल, कारण नेमकी हीच सवय तुम्हाला नाही.

बँकेच्या परीक्षांचा विचार रागातून आला आहे, असे मला तुमच्या पत्रावरून वाटते. शिवाय आयबीपीएसच्या प्रोबेशनरी ऑफिसर परीक्षेला खुल्या गटातून वयाची मर्यादा ३० आहे आणि लिपिकाची २८. आरक्षणातील सवलत लागू नसेल, तर तो दरवाजा तुमच्यासाठी बंदच आहे. बँकांच्या आयटी अधिकारी पदांनाही बहुधा अशीच मर्यादा असते, तेव्हा जाहिरात नीट वाचल्याशिवाय क्लासची फी भरू नका.

एचआरला एकच ईमेल पाठवा : चार ओळींचा, मुलाखतीची तारीख आणि पद नमूद करून, निर्णय कळवण्याची विनंती करणारा. परीक्षकांनी विचारलेला तो प्रश्नही एका वाक्यात, विशेषणे न लावता लिहा, कारण भरती पाहणाऱ्यांना आतल्या खोलीत काय घडते हे अनेकदा माहीतच नसते. आठवड्याभरात उत्तर आले नाही, तर नकार समजा आणि दुसरीकडे अर्ज करा. तोपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. तुमचा नोटीस पीरियड आयटीतील अनेकांप्रमाणे ९० दिवसांचा असेल, तर नवे ऑफर लेटर हाती आल्यावरच तो सुरू झालेला बरा.