टक्केवारीआधी प्रश्न वाच

लोकमताच्या अभ्यासात तक्ते उघडण्याआधी प्रश्नावली उघड. देशोदेशीच्या लोकांची मूल्यं आणि मतं विचारणारं जागतिक मूल्य सर्वेक्षण १९८१ पासून चालू आहे, त्याची विदा (डेटा) फुकट मिळते, आणि नवखे थेट टक्केवारीवर उडी मारतात. त्यात लोकशाही चांगली म्हणणारे कितीतरी जण, संसद-निवडणुकांची पर्वा न करणारा खंबीर नेताही चांगलाच, असं त्याच प्रश्नसंचात सांगतात. मग त्यांनी होकार दिला तो नक्की कशाला? माझ्या मते खरं काम इथे आहे. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९६४ मध्येच दाखवलं होतं की मत नसलं तरी लोक उत्तर देऊन मोकळे होतात.

संख्याशास्त्र हळूहळू येईल. न्यायाचं तत्त्वज्ञान मात्र ‘आपला प्रांत नाही’ म्हणून टाळू नकोस. तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचा युक्तिवाद असा की, स्वतःचं समाजातलं स्थान ठाऊक नसताना माणसं सर्वांत वंचितांचं भलं पाहणारं तत्त्व निवडतील. फ्रोलिक आणि ओपनहायमर या संशोधकांनी ते प्रयोगशाळेत करून पाहिलं. बहुतेक गटांनी मात्र वेगळंच ठरवलं: सरासरी उत्पन्न वाढवा, पण खाली किमान हमी ठेवा. म्हणून रॉल्स खोटे पडले, असं घाईनं लिहू नकोस (परीक्षक नेमकं तेच पकडतात). काय निवडणं योग्य, हा त्यांचा प्रश्न होता. प्रत्यक्षात काय निवडलं जातं, हा वेगळा.