ॲमेझॉनच्या जंगलाचा अभ्यास सुरू करताय? आधी नदी बघा

दहा पुस्तकं एकदम मागवू नका. एक मोठा नकाशा भिंतीवर लावा आणि पहिला महिना फक्त नदी बघा. अँडीज पर्वताकडून येणारी गढूळ सोलिमोइस (ॲमेझॉनच्याच वरच्या प्रवाहाचं नाव) आणि कोऱ्या चहाच्या रंगाची उपनदी रिओ नेग्रो ब्राझीलमधल्या मनाउस शहराजवळ भेटतात, पण सुमारे ६ किलोमीटर शेजारीशेजारी, न मिसळता वाहतात. एकीत डोंगरातला गाळ, दुसरीत कुजलेल्या पानांचा अर्क. वेग आणि तापमानही निराळं. एवढं कोडं सुटलं की माती, मासे, शेती बरीचशी आपोआप उलगडते.

मग पूर. मनाउसला पाणी वर्षभरात साधारण १० मीटर चढतं-उतरतं. जूनमध्ये तांबाकी मासे जिथे झाडांवरून पडलेली फळं खातात, तिथे ऑक्टोबरात पायी फिरता येतं!

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- 'पृथ्वीची फुप्फुसं' म्हणणं. जंगल जेवढा ऑक्सिजन बनवतं, जवळपास तेवढाच श्वसनात आणि पाचोळा कुजण्यात संपतो. त्यापेक्षा जंगल हवेत सोडतं ते बाष्प आणि साठवून ठेवतं तो कार्बन, यांकडे लक्ष द्या.
- हिरवंगार म्हणजे सुपीक समजणं. बहुतेक जमीन निकस आहे. पोषण झाडांत आणि पाचोळ्यात, म्हणून मुळंही वरवरच पसरतात.
- सगळं ब्राझीलच्या नावावर टाकणं. तिथे जंगलाचा साधारण ६० टक्केच भाग आहे.

जॅग्वारपासून, म्हणजे तिथल्या बिबट्यासारख्या ठिपकेदार प्राण्यापासून, सुरुवात करावीशी वाटेल; मीही तिथूनच केली होती, वर्ष फुकट गेलं. त्यापेक्षा पानं कापणाऱ्या मुंग्या घ्या. त्या पानं वारुळात नेऊन त्यांवर बुरशी पिकवतात आणि ती खातात. शास्त्रीय नावं सावकाश. अडलात की विचारा.