कापलेले पैसे

शिरोली, कोल्हापूर

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "काका, पगार एकाचाही अडवला नाही, फक्त तीन महिन्यांचा पीएफ भरायचा राहिलाय." त्या 'फक्त'पायी मला झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसलो.

2016 साली मीही असाच अडकलो होतो. मोठ्या गिऱ्हाइकाचं बिल थकलं होतं. स्टीलवाला दारात येऊन बसायचा, वीजबिल राहिलं की लाइन कापायला माणूस यायचा, पगाराला उशीर झाला की कामगार तोंडावर विचारायचे. पीएफच्या चलनाला मात्र तोंड नव्हतं. भरण्याची 15 तारीख गेली, कोणी काही बोललं नाही. पुढच्या महिन्यातही नाही. असे सात महिने गेले.

मग एका दुपारी माझा सर्वांत जुना टर्नर केबिनमध्ये आला. बायकोच्या ऑपरेशनसाठी त्याला पीएफमधून उचल हवी होती. त्याने मोबाइलवर पासबुक उघडून माझ्यापुढे धरलं. काचेवर अंगठ्याचा तेलकट ठसा, आणि त्याखाली नोंदी सात महिन्यांपूर्वीच थांबलेल्या. "साहेब, पगारातून तर कापलेत," एवढंच म्हणाला. आवाजही चढवला नाही. मला त्याच्याकडे वर बघवेना.

आता तुझा हिशेब मांडू. माणसं 24, प्रत्येकाचा पीएफचा पगार 15,000 धर. कामगाराचे 1,800, तुझे 1,800, वर विमा आणि प्रशासन शुल्काचे 150. महिन्याला 90,000 झाले. यातले 43,200 तुझे कधीच नव्हते, ते त्यांच्या मजुरीतले आहेत. उशिरावर वर्षाला 12 टक्के व्याज लागतं, आणि जून 2024 पासून दंड महिन्याला 1 टक्का. म्हणजे मिळून वर्षाला 24 टक्के. इतक्या महाग पैशावर तू धंदा चालवतोयस आणि बँकेकडे सीसीची, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाची, मर्यादा वाढवून मागायला संकोचतोस! माझ्या वेळी तर नुसता दंडच 25 टक्क्यांपर्यंत जायचा.

व्याज-दंड एक वेळ फिटतो. मला सुनावणीला बोलावणं आलं, मी गेलो नाही. पगाराच्या आदल्या दिवशी बँक खातं गोठवलं गेलं आणि दिलेले चेक परत आले. बाजारातली पत सावरायला मला दोन वर्षं लागली. शिवाय कामगाराचा कापलेला हिस्सा न भरणं हा कायद्याने विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा धरला जातो. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे म्हणून तू सुटत नाहीस. कारभार पाहणारा म्हणून नोंदीत तुझं नाव आहे.

मॅनेजरच्या पगारातून कापलेला टीडीएस, म्हणजे त्याचा आयकर, तोही तसाच. तो 7 तारखेपर्यंत भरायचा. चुकलास तर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि महिन्याचा एक दिवस उलटला तरी अख्खा महिना धरतात. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, तारीख 15, तीही सांभाळ.

चालू महिन्याचा भरणा आता एकदाही चुकवू नकोस. त्यासोबत सर्वांत जुना थकलेला महिना आधी उचल. पगाराच्या दिवशीच कापलेली रक्कम आणि तुझा हिस्सा वेगळ्या खात्यात टाक, आणि त्या खात्याचं चेकबुक बायकोकडे दे. मी तेच केलं. नोटीस आली तर ड्रॉवरमध्ये सारू नकोस, कागद घेऊन तारखेला हजर राहा.

आणि तुझं गिऱ्हाइकाकडे अडकलेलं बिल. तुझी उद्यम, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी आहे. लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून फार तर 45 दिवसांत गिऱ्हाइकाने पैसे द्यायला हवेत. आधी लेखी मागणी कर, नाही ऐकलं तर लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाक. गिऱ्हाईक तुटेल ही भीती मला कळते. पण आज त्याची उधारी तुझे 24 कामगार सोसतायत, आणि त्यांना ते ठाऊकही नाही.

त्यांना तू स्वतः सांग, त्यांनी मोबाइलवर बघण्याआधी. शिफ्ट सुटताना सगळ्यांना एकत्र उभं कर आणि कोणता महिना कधी भरणार ते तारखेसकट सांग.

सोमवारी तिन्ही महिन्यांची पगारपत्रकं घेऊन ये. सहानंतर मी कारखान्यातच असतो.

तुझा,
काका