वाचक विचारतात : ‘हम दोनो’, पण देव आनंदचा नव्हे

प्रश्न : माझा मुलगा गिटार शिकतो. त्याच्या क्लासमध्ये जॅझ फ्यूजन म्हटले की जॉन मॅक्लॉफ्लिन आणि त्यांचा ‘शक्ती’ हा वाद्यवृंद, यापलीकडे कोणाचे नाव निघत नाही. मागील अंकात आपण मुंबईत जन्मलेल्या एका गिटारवादकाचा ओझरता उल्लेख केला होता. ते कोण, आणि आम्ही त्यांचे नाव कधीच कसे ऐकले नाही?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : त्यांचे नाव अमान्सियो डिसिल्वा. घराणे मूळचे गोव्याचे, जन्म मुंबईतला, 1936 सालचा. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ते लंडनला गेले आणि 1996 मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. ‘शक्ती’ची पहिली ध्वनिमुद्रिका 1976 मध्ये आली. त्याच्या बरीच आधी, 1969 या एकाच वर्षात, डिसिल्वा यांनी ‘इंटिग्रेशन’ आणि ‘हम दोनो’ या दोन ध्वनिमुद्रिका केल्या. माझ्या मते त्यांचे सगळे मोठेपण या दोहोंत सापडते. भारतीय संगीत आणि जॅझ यांची सांगड घालणारे ते पहिलेच होते, असे मात्र मी म्हणणार नाही. कोलकात्याचे जॉन मेयर आणि जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी 1966 मध्येच ‘इंडो-जॅझ स्वीट’ केले होते. डिसिल्वा यांचे वेगळेपण पहिलेपणात नसून त्यांच्या बोटांत आहे, आणि त्याविषयी पुढील उत्तरात लिहितो.

नाव का ऐकले नाही, या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही. मुंबईतील गोवेकर वादकांची ती सारी पिढीच आपल्याकडे पडद्याआड राहिली. हॉटेलांतील बँड आणि चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनी चालवले, पाश्चात्त्य स्वरलिपी लिहिणारे आणि वाचणारे तेच होते, पण श्रेयनामावलीत त्यांना क्वचितच जागा मिळाली. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही नावे निदान चित्रपटसंगीताच्या अभ्यासकांना तरी ठाऊक आहेत. डिसिल्वा यांचे महत्त्वाचे ध्वनिमुद्रण लंडनमध्ये झाल्यामुळे तीही सोय उरली नाही. तिकडे हा माणूस भारतीय म्हणून वेगळ्या कप्प्यात गेला आणि इकडे त्याची कोणी नोंदच घेतली नाही. भरीस भर म्हणजे त्या ध्वनिमुद्रिका दीर्घकाळ बाजारात नव्हत्या, आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी मुद्रित झालेली ‘कोकण डान्स’ तर 2006 मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, प्रथमच प्रकाशित झाली. ज्या ध्वनिमुद्रिकेच्या नावातच कोकण आहे, ती कोकणच्या दारात राहणाऱ्या आम्हा ठाणेकरांपर्यंत पोहोचायला एवढी वर्षे लागावीत, याची मला अजूनही थोडी लाज वाटते.

शीर्षकाचा घोटाळा तर ठरलेलाच आहे. काही वर्षांपूर्वी जुन्या ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या एका दुकानात मी ‘हम दोनो’ आहे का, असे विचारले. दुकानदाराने अगदी आनंदाने 1961 च्या देव आनंद यांच्या चित्रपटाची, जयदेव यांच्या संगीताची तबकडी काढून समोर ठेवली. मी ती घेतली, कारण परत करण्यासारखी ती नव्हतीच. पण हवी होती ती मिळाली नाही. तेव्हा आपल्या मुलाने इंटरनेटवर शोध घेताना शीर्षकासोबत जो हॅरियट यांचेही नाव टाकावे. ध्वनिमुद्रिकेच्या नावातले ‘दोनो’ म्हणजे हॅरियट आणि डिसिल्वा हेच दोघे.

प्रश्न : आपल्या शिफारशीवरून मी ‘इंटिग्रेशन’ ऐकले. त्यात ना सतार आहे, ना तबला. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, गिटार, बास आणि ड्रम अशी सरळ जॅझची मांडणी आहे. मग याला फ्यूजन कशासाठी म्हणायचे? नुसत्या ‘गंगा’, ‘जयपूर’ अशा नावांवरून?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : आपली शंका अगदी नेमक्या जागी बोट ठेवणारी आहे, आणि सतार-तबला नसणे हाच मला या ध्वनिमुद्रिकेचा सर्वांत मोठा गुण वाटतो. सतार आणली की ऐकणाऱ्याला भारत ‘दिसतो’. वादकाला फारसे काही करावे लागत नाही. डिसिल्वा यांनी तो सोपा मार्ग सोडला आणि भारतीयपण वाद्यात न ठेवता स्वरांच्या वाक्यात ठेवले.

आता एक गोष्ट लक्ष देऊन ऐका. या ध्वनिमुद्रिकेत ट्रम्पेटवर इयन कार, सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, बासवर डेव्ह ग्रीन आणि ड्रमवर ट्रेव्हर टॉमकिन्स आहेत. हे चौघे त्या काळी नावाजलेल्या रेंडेल-कार पंचकातले. फक्त त्या पंचकातला पियानो इथे नाही आणि त्याच्या जागी गिटार आहे. हा बदल वरवर लहान वाटतो, पण त्याचा परिणाम मोठा होतो. पियानो असला की स्वरसंघातांची, म्हणजे कॉर्ड्सची, चौकट प्रत्येक मात्रेला पक्की होत जाते आणि एकल वादकाला त्या चौकटीबरोबर वळावे लागते. पियानो काढून घेतला की खाली उरतो तो बासचा घोळता स्वर. तानपुऱ्याचे काम तो करतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु कान षड्जाला, म्हणजे आधारस्वर ‘सा’ला, टेकून बसावा एवढी जागा तो नक्की देतो. त्या जागेत डिसिल्वा धुन मांडतात, एकाच स्वराभोवती रेंगाळतात, वर जाऊन परत त्याच न्यासस्वरावर, म्हणजे विसाव्याच्या स्वरावर, येतात. आपण शास्त्रीय संगीत ऐकत असाल तर ही बढत, म्हणजे स्वर हळूहळू फुलवत नेण्याची रीत, ओळखीची वाटेल. एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ थांबण्याची रीत जॅझमध्ये 1959 पासून, माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’नंतर, चांगलीच रुजली होती. त्यामुळे या ब्रिटिश वादकांनाही डिसिल्वा यांच्यासोबत चालताना ठेच लागली नाही.

गिटारच्या मर्यादेविषयीही एक शब्द. सतारीचे पडदे वक्र आणि उंच असतात, तार बाजूला ओढून एकाच पडद्यावरून चार-पाच स्वरांची मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर सलग सरकत जाणे, काढता येते. जॅझच्या गिटारवर जाड तारा आणि ठेंगणे पडदे असल्याने तसे करता येत नाही. आणि त्या वाद्यावर ओढूनताणून सतारीची नक्कल केली की ते हास्यास्पद वाटते. डिसिल्वा नक्कल करत नाहीत. मुख्य स्वराला ओझरते लागणारे छोटे कण, चटकन घसरत जाऊन लागणारा स्वर, आणि वाक्य संपल्यावर सोडलेली मोकळी जागा एवढ्यावर ते भागवतात. घराशेजारच्या लग्नाच्या हॉलमधील बँडवाल्यांना क्लॅरिनेटवर ‘राजा की आयेगी बारात’ वाजवताना ऐकले असेल, तर परक्या वाद्याला आपली वळणे कशी चढतात ते आपल्याला माहीतच आहे. हे त्याच कुळातले आहे, फक्त कितीतरी अधिक विचार करून केलेले.

‘जयपूर’ ही रचना ‘इंटिग्रेशन’मध्येही आहे आणि ‘हम दोनो’मध्येही. आपण ठाणे-नेरूळ लोकलने घरी जात असाल, तर दोन्ही पाठोपाठ ऐकण्यास तेवढा प्रवास पुरेसा आहे. मी स्वतः असेच ऐकले, ऐरोलीजवळ खारफुटीकडे बघत. धुन तीच, बास वाजवणारे डेव्ह ग्रीनही तेच, तरीही दोन वेगळी माणसे बोलत आहेत असे वाटते. पहिल्यात इयन कार आणि रेंडेल यांची जोडी धुनीला सभ्यपणे सांभाळते. दुसऱ्यात हॅरियट यांचा आल्टो सॅक्सोफोन तीक्ष्ण, जरासा रडवा, टोकाला जाणारा आहे, आणि त्याच्या बाजूला गिटार अधिक शांत होत जाते, जणू कोणीतरी एकाने तरी आवाज खाली ठेवायला हवा होता. याच ध्वनिमुद्रिकेत नॉर्मा विन्स्टन यांनी शब्दांविना केलेले गायनही आहे. आपल्या आलापातल्या ‘आ’काराची सवय असलेल्या कानाला ते मुळीच परके वाटत नाही. हॅरियट 1973 मध्ये अवघ्या 44 व्या वर्षी गेले. त्यामुळे या दोघांचे संभाषण फार पुढे गेले नाही, हे मला या साऱ्या हकिकतीतले खरे नुकसान वाटते.

प्रश्न : या प्रकारच्या संगीतात कोणी मराठी वादक होते का? आणि डिसिल्वा यांचे बाकीचे काम कोणत्या क्रमाने ऐकावे?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : होते. केशव साठे हे मुंबईचे तबलावादक 1950 च्या दशकात लंडनला गेले आणि वर उल्लेखिलेल्या 1966 च्या ‘इंडो-जॅझ स्वीट’मध्ये तबला त्यांचाच आहे. पुढे जॉन रेनबोर्न या इंग्रज गिटारवादकाच्या लोकसंगीताच्या गटातही ते वाजवत असत. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

क्रमाविषयी माझे मत असे की आधी ‘हम दोनो’ ऐकावे, त्यातही ‘बॅलड फॉर गोवा’पासून सुरुवात करावी, कारण त्या रचनेत गिटारचा गोडवा कोणत्याही स्पष्टीकरणाविना कळतो. मग ‘इंटिग्रेशन’, आणि त्यानंतर ‘कोकण डान्स’. 1972 मध्ये ‘कॉस्मिक आय’ या नावाने आलेली ‘ड्रीम सीक्वेन्स’ सतारीच्या सोबतीने केलेली, स्वप्नाळू वळणाची आहे. काहींना तीच सर्वांत आवडते, मला नाही. 1971 ची ‘रिफ्लेक्शन्स’ हॉटेलच्या लॉबीत वाजावी अशी मऊ आहे आणि ती शेवटी ठेवली तरी चालेल. नौपाड्याच्या वाचकांच्या मुलाने मात्र ‘जयपूर’ची धुन कानाने ऐकून गिटारवर बसवून पाहावी. स्वर दोन संध्याकाळी हाताला लागतील. स्वरांमधल्या त्या मोकळ्या जागा कितपत जमल्या, ते त्याने आम्हाला जरूर कळवावे.