लेखी उत्तर कसे वाचावे, कसे मिळवावे?

विधिमंडळातील प्रश्नोत्तरांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या आमदारांनी रस्त्याच्या कामाविषयी दिलेला प्रश्न ‘अतारांकित’ यादीत गेला. सभागृहात त्यावर एक शब्दही बोलला गेला नाही. अशा प्रश्नाचा उपयोग तरी काय? – एक वाचक, परभणी जिल्हा

तारांकित प्रश्नाला मंत्र्यांनी सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर सदस्यांना उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते, सभागृहाच्या पटलावर (अधिकृत नोंदीसाठी सभागृहापुढे) ठेवले जाते आणि त्यावर उपप्रश्न होत नाहीत. एवढ्यावरून अतारांकित प्रश्न दुय्यम ठरवला जातो, हे आम्हांला मान्य नाही. लोकसभेत दिवसाला २० प्रश्न तारांकित यादीत असतात आणि तासाभरात त्यांतले मोजकेच पुकारले जातात. गोंधळात तास बुडाला तर एकही पुकारला जात नाही. उरलेल्यांची उत्तरेही शेवटी लेखीच मिळतात. त्याच दिवशी २३० पर्यंत अतारांकित प्रश्नांची उत्तरे पटलावर येतात. राज्यसभेत हेच आकडे १५ आणि १६० असे आहेत. म्हणजे शासनाने विधिमंडळाला दिलेल्या माहितीचा फार मोठा भाग कोणाच्याही भाषणाविना, कागदावरून येतो.

त्या कागदामागे काय घडते, हे सभागृहाच्या सज्जात बसून दिसत नाही. प्रश्न स्वीकृत होऊन विभागाकडे गेला की संबंधित कार्यासनाला (विभागातील त्या विषयाच्या शाखेला) त्यावर ठरलेल्या मुदतीत उत्तर तयार करावे लागते. कक्ष अधिकारी क्षेत्रीय कार्यालयाकडून अहवाल मागवतात, जिल्ह्याच्या ठिकाणी धूळ खात पडलेली नस्ती (फाइल) बाहेर काढावी लागते, मसुदा अवर सचिव आणि उपसचिवांमार्फत सचिवांकडे व पुढे मंत्र्यांच्या मान्यतेसाठी जातो. अधिवेशनाच्या काळात मंत्रालयातील दिवे रात्री उशिरापर्यंत जळतात, त्याचे एक मोठे कारण ही उत्तरे होत. वर्षभर कोणी न विचारलेले काम ‘आपण याविषयी काय केले?’ या नोंदीसाठी एकदा तरी वरिष्ठांच्या नजरेखालून जाते. आमच्या मते प्रश्नाचा निम्मा परिणाम उत्तर छापले जाण्यापूर्वीच घडून गेलेला असतो.

हा अधिकार सहज मिळालेला नाही, याचीही आठवण ठेवावी. १८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या विधान परिषदांत सदस्यांना सरकारला प्रश्न विचारता येत नव्हता. १८९२ च्या कायद्याने तो अधिकार दिला, पण उपप्रश्नाची मुभा ठेवली नाही. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला आणि १९१९ च्या सुधारणांनी सर्व सदस्यांना उपप्रश्न विचारता येऊ लागला. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मुंबई विधान परिषदेवर निवडून गेले, तेव्हा सदस्याच्या हाती उपप्रश्नाविना नुसता मूळ प्रश्नच काय तो होता. त्या काळाच्या मानाने आजच्या अतारांकित प्रश्नाची स्थिती मुळीच दुबळी नाही.

आणि कधी कधी सभागृहाच्या हाती अतारांकित प्रश्नच उरतो. करोनाच्या साथीत सप्टेंबर २०२० मधील संसदेच्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास वगळण्यात आला. केवळ लेखी उत्तरांची सोय राहिली. टाळेबंदीत घराकडे निघालेले किती स्थलांतरित मजूर वाटेत मृत्युमुखी पडले, अशी विचारणा त्या अधिवेशनात झाली तेव्हा १४ सप्टेंबरला केंद्रीय श्रम मंत्रालयाने लेखी उत्तर दिले की अशी आकडेवारी ठेवलेली नाही आणि म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. मुंबई-पुण्याहून पायी निघालेले लोंढे साऱ्या महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले होते. शासनाने त्या मृतांची नोंदच ठेवली नव्हती, ही गोष्ट एका अतारांकित प्रश्नामुळे शासनाच्याच शब्दांत कायमची नोंदली गेली.

प्रश्न : तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नसल्याने रुग्णांचे हाल होतात, हे खरे आहे काय, असा प्रश्न आमदारांनी विचारला. उत्तर आले : ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ आम्ही रोज पाहतो ते खोटे कसे? – एक वाचक, नंदुरबार जिल्हा

आपण रोज पाहता ते खोटे नाही, आणि उत्तरही कदाचित शब्दशः खोटे नसेल. दोष बहुधा प्रश्नाच्या बांधणीत आहे. आपल्या विधिमंडळात ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास चौकशी केली आहे काय’, ‘नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत’ असा साचा रूढ आहे. या साच्यात पुढचे सगळे भाग पहिल्या भागावर टेकलेले असतात. पहिल्या भागात ‘डॉक्टर नसल्याने’ आणि ‘हाल’ असे दोन शब्द आले, की विभागाला सुटण्यासाठी दोन दारे मिळतात. एक वैद्यकीय अधिकारी कागदावर रुजू असेल, तर डॉक्टर नाहीत असे म्हणता येत नाही. आणि हाल होतात की नाही, हे तर मताचे झाले. पहिला भाग नाकारला की उरलेले तीन आपोआप कोसळतात.

हाच प्रश्न वेगळा विचारता येतो. अमुक दिनांकास या रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती, भरलेली किती व रिक्त किती? भरलेल्या पदांवरील किती अधिकारी प्रतिनियुक्तीवर (मूळ पद कायम ठेवून तात्पुरते) अन्यत्र काम करीत आहेत व कोणत्या दिनांकापासून? रिक्त पद कधीपासून रिक्त आहे आणि ते भरण्यासाठी मागणीपत्र कोणत्या दिनांकास पाठवले? गेल्या तीन वर्षांत येथून जिल्हा रुग्णालयाकडे किती रुग्ण, वर्षनिहाय, पाठवण्यात आले? यांतल्या एकाही भागाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर देता येत नाही. प्रतिनियुक्तीचा भाग तर विशेष आग्रहाने विचारावा, कारण कागदावर भरलेले आणि जागेवर रिकामे असलेले पद पकडण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही. आकडा, दिनांक आणि आदेश मागणारा प्रश्न विशेषणे वापरणाऱ्या प्रश्नापेक्षा विभागाला नेहमीच अवघड जातो. शिवाय नियमही त्याच बाजूचे आहेत : लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्न १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध किंवा बदनामीकारक मजकूर चालत नाही आणि नुसते मत मागता येत नाही.

उत्तर वाचण्याचेही शास्त्र आहे, आणि त्यासाठी २० जुलै २०२१ चे राज्यसभेतील एक उत्तर प्रत्येक वाचकाने लक्षपूर्वक वाचावे असे आम्हांला वाटते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूअभावी किती मृत्यू झाले, या प्रश्नावर केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी लेखी उत्तर दिले. आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, राज्ये मृत्यूंची माहिती केंद्राला कळवतात, आणि प्राणवायूअभावी झालेले मृत्यू असे स्वतंत्रपणे कोणत्याही राज्याने वा केंद्रशासित प्रदेशाने कळवलेले नाहीत, असा त्याचा आशय होता. बातम्यांत ते ‘एकही मृत्यू नाही’ असे आले. उत्तराने मात्र तसे म्हटले नव्हते. ‘कळवलेले नाहीत’ एवढेच म्हटले होते. मृत्यू झालेच नाहीत आणि त्यांची वेगळी वर्गवारी कोणी केली नाही, या दोन विधानांत फार मोठे अंतर आहे. भारती पवार ज्या दिंडोरी मतदारसंघाच्या खासदार होत्या, त्याच नाशिक जिल्ह्यात, नाशिक शहरातील महापालिकेच्या रुग्णालयात, त्याच वर्षी २१ एप्रिलला टाकीतून गळती होऊन प्राणवायूचा पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. हे नाकारले गेले नाही. उत्तरात त्याला स्वतंत्र जागाच मिळाली नाही. अशा उत्तरानंतर रागावण्याबरोबरच पुढचा प्रश्न राज्याच्या विधिमंडळात विचारायला हवा : केंद्राला पाठवलेल्या नमुन्यात मृत्यूच्या कारणाचा रकाना होता काय, नसल्यास तो ठेवण्याविषयी राज्याने कळवले होते काय?

आपल्या रुग्णालयापुरते सांगायचे, तर ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर आले तर ते मोठे यश समजावे. कोणता अंश खरा, हे त्याखालच्या ओळींत शोधावे.

प्रश्न : उत्तरात ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ किंवा ‘कार्यवाही सुरू आहे’ असे लिहिलेले असते. त्यानंतर त्या प्रकरणाचे काय होते? – एक वाचक, पणजी

या दोन वाक्यांत फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. माहिती गोळा करून पटलावर ठेवण्यात येईल, तपासून निर्णय घेण्यात येईल, अशा स्वरूपाचे वाक्य आश्वासन मानले जाते. लोकसभेत शासकीय आश्वासनांविषयीची समिती १९५३ पासून आणि राज्यसभेत १९७२ पासून काम करते. महाराष्ट्राच्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. समिती अशी वाक्ये वेचते, त्यांची पूर्तता झाली की नाही हे पाहते आणि गरज पडल्यास विभागाच्या सचिवांना बोलावून विचारते. संसदेत आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा असते. न झाल्यास विभागाला मुदतवाढ मागावी लागते किंवा आश्वासन वगळण्याची विनंती करावी लागते. ‘कार्यवाही सुरू आहे’ हे वाक्य मात्र कोणतेही वचन देत नाही. अनुभवी विभाग म्हणूनच दुसरे वाक्य पसंत करतात.

आमदारांनी यावर मौन पाळू नये. पुढच्या अधिवेशनात मागील उत्तराचा क्रमांक व दिनांक देऊन त्या कार्यवाहीचा टप्पा विचारता येतो. उत्तरातील वस्तुस्थितीचा अधिक खुलासा हवा असेल तर अर्धा तास चर्चेची, म्हणजे त्या उत्तरावर सभागृहात अर्धा तास बोलण्याची, सूचना देता येते. गोव्याची विधानसभा ४० सदस्यांची आहे. मतदारसंघ लहान, विषय ओळखीचे आणि आमदार मतदारांच्या जवळ, त्यामुळे असा पाठपुरावा तेथे अधिक नेटाने होऊ शकतो. पाठपुराव्याने काय घडू शकते, याचे सर्वांत जुने ठळक उदाहरण मुंध्रा प्रकरणाचे आहे. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने उद्योजक हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग खरेदी केले होते. १९५७ मध्ये लोकसभेत त्याविषयी प्रश्न आले, पहिल्या उत्तरांनी सदस्यांचे समाधान झाले नाही, आणि फिरोज गांधी यांनी सत्तारूढ पक्षाचे असूनही विषय सोडला नाही. न्यायमूर्ती छागला यांच्या आयोगाने उघड चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

प्रश्न : मी सामान्य नागरिक आहे. मला थेट माहितीच्या अधिकारात अर्ज करता येत असताना आमदारांमार्फत प्रश्न कशासाठी विचारावा? – एक वाचक, सांगली जिल्हा

दोन्ही करावे, कारण दोहोंचे काम वेगळे आहे. माहितीच्या अधिकारात आपल्याला अस्तित्वात असलेला कागद मिळतो; जनमाहिती अधिकारी ‘का केले नाही’ याचे उत्तर द्यायला बांधील नसतो. विधिमंडळाच्या प्रश्नात शासनाला कारण विचारता येते आणि त्या उत्तराची जबाबदारी मंत्र्यांवर येते. चुकीचे उत्तर दिले गेल्यास सदस्याला ते अध्यक्षांच्या निदर्शनास आणता येते आणि सभागृहाची जाणीवपूर्वक दिशाभूल केली असल्यास विशेषाधिकारभंगाची (सभागृहाच्या हक्कांचा भंग झाल्याची) सूचनाही देता येते.

हे दोन मार्ग एकमेकांची तपासणी कशी करतात, ते निवडणूक रोख्यांच्या (राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठीच्या रोख्यांच्या) बाबतीत दिसले. या रोख्यांविषयी निवडणूक आयोगाने काही आक्षेप कळवले होते काय, असा प्रश्न २०१८ च्या हिवाळी अधिवेशनात राज्यसभेत विचारला गेला, त्याला अर्थ राज्यमंत्र्यांचे उत्तर नकारार्थी आले. पुढे माहितीच्या अधिकारात बाहेर आलेल्या कागदपत्रांतून उघड झाले की आयोगाने मे २०१७ मध्येच विधी मंत्रालयाला पत्र लिहून चिंता व्यक्त केली होती. प्रश्नाने शासनाला एका विधानाशी बांधले आणि अर्जाने ते विधान कसोटीला लावले. एकट्या अर्जाने पत्र मिळाले असते, पण मंत्र्यांनी सभागृहाला चुकीची माहिती दिली हे सिद्ध झाले नसते.

या दोन अधिकारांना जोडणारे एक वाक्य २००५ च्या कायद्यातच होते : जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. कलम ८ मधील हा परंतुक (कलमाला जोडलेली अट) २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने केलेल्या बदलात गळाला. आमच्या मते हे नुकसान फार मोठे आहे आणि त्याविरुद्ध पुरेसा आवाज उठलेला नाही. यापुढे अधिकाऱ्यांच्या बदल्या, नियुक्त्या, लाभार्थींच्या याद्या अशा विषयांवर अर्ज फेटाळला गेला, तर आमदारांचा प्रश्न हा पर्याय अधिकच मोलाचा ठरेल.

आमदारांकडे जाताना नुसती तक्रार नेऊ नये. एका पानावर विषय एकच ठेवावा, त्यासोबत आपल्याजवळचे पत्र, शासन निर्णय किंवा मिळालेला नकार जोडावा, आणि न्यायप्रविष्ट (न्यायालयात चालू असलेली) बाब असेल तर तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे प्रश्न स्वीकृतीतच अडकणार नाही. अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही; सूचना आधीच द्यावी लागते, लोकसभेत तर पूर्ण १५ दिवस आधी. नागरिकाने माहिती पुरवून प्रश्न सुचवणे पूर्णतः योग्य आहे. त्यासाठी पैसा देणे-घेणे हा मात्र गंभीर अपराध आहे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचे उघड झाल्यावर डिसेंबर २००५ मध्ये दोन्ही सभागृहांतील ११ खासदारांना सदस्यत्व गमवावे लागले. आणि उत्तर आल्यावर त्याची छापील प्रत आमदारांच्या कार्यालयाकडून किंवा विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून मिळवून ग्रामसभेत वाचून दाखवावी. त्यातला आकडा चुकीचा असेल, तर ते विभागाच्या आधी गावालाच कळते.