विक्षिप्त, तऱ्हेवाईक की चाकोरीबाहेरचा? कोरो-सेन्सेईसाठी मराठी शब्द

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: ‘अ‍ॅसॅसिनेशन क्लासरूम’ या जपानी अ‍ॅनिमेची, म्हणजे कार्टून मालिकेची, ओळख त्या धाकट्या भावंडांसाठी मराठीत लिहीत आहेत. त्यातल्या कोरो-सेन्सेई या शिक्षकाला त्यांनी ‘विक्षिप्त शिक्षक’ म्हटलं. आईने वाचून विचारलं, “म्हणजे डोक्याने अधू आहे का तो?” तर इथे दुसरा कोणता शब्द बसेल, आणि ‘सेन्सेई’ हा शिक्षकासाठीचा जपानी शब्द तसाच ठेवावा की ‘गुरुजी’ करावं?

आईंचा कान अगदी बरोबर आहे. ‘विक्षिप्त’मध्ये क्षिप्, म्हणजे फेकणे, हा धातू आहे, प्रक्षेपण आणि आक्षेप हे शब्दही त्याच्यापासूनच आले. विक्षिप्त म्हणजे इकडेतिकडे फेकलं गेलेलं, विखुरलेलं. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. तिथे विक्षिप्त ही तशी बरी पायरी आहे, मन अधूनमधून स्थिर होतं आणि पुन्हा भरकटतं. हिंदीत मात्र विक्षिप्त म्हणजे सरळ वेडा. मराठीत आपण तो ‘काय बोलेल, कधी बिनसेल याचा नेम नाही’ अशा माणसाला लावतो: विक्षिप्त घरमालक, विक्षिप्त साहेब. तीनही ठिकाणी बोट मनाच्या घडीकडेच आहे, आणि मराठी वापरात त्याला दुराव्याचा वास आहे. आपल्या लाडक्या माणसाला कुणी विक्षिप्त म्हणत नाही.

आता ज्याच्यासाठी शब्द हवा आहे तो माणूस पाहू. माणूस म्हणायचं तेही जपूनच. मुळात ही युसेई मात्सुइ यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. ती साप्ताहिक ‘शोनेन जम्प’मध्ये २०१२ ते २०१६ या काळात आली, तिचे २१ खंड झाले, अ‍ॅनिमे २०१५ आणि २०१६ मध्ये दोन पर्वांत आलं. कुनुगिगाओका नावाच्या नामांकित शाळेत अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना डोंगरावरच्या जुन्या लाकडी इमारतीत, ‘३-ई’ या तुकडीत टाकलेलं असतं. त्यांना शिकवायला येतो तो पिवळाधमक, गोल डोक्याचा, ऑक्टोपससारख्या सोंडा असलेला प्राणी. अंगात काळा झगा, डोक्यावर पदवीदान समारंभातली चौकोनी टोपी, टायवर चंद्रकोर. वेग आवाजाच्या वीसपट. चंद्राचा बराचसा भाग आपणच उडवला आणि पुढच्या मार्चमध्ये, म्हणजे जपानी शालेय वर्ष संपतं तेव्हा, पृथ्वीही उडवणार, असं तो सांगतो. तोवर वर्गातल्या मुलांनी त्याला मारून दाखवायचं. बक्षीस १,००० कोटी येन. आणि मारायचं कसं, हेही तोच शिकवतो.

हे वाचून कुणीही म्हणेल, याला कसला शब्द पुरणार! पण त्याचं रूप क्षणभर बाजूला ठेवून त्याची मास्तरकी बघा. परीक्षा जवळ आली की तो इतक्या वेगाने हलतो की वर्गात त्याच्या अनेक प्रतिमा दिसायला लागतात, प्रत्येक मुलासमोर एक. प्रत्येक प्रतिमेच्या कपाळाला पट्टी, आणि पट्टीवर त्या मुलाचा कच्चा विषय लिहिलेला. कुणासमोर गणित, कुणासमोर इंग्रजी. सहलीला निघताना तो मुलांना माहितीपुस्तिका देतो तीही विटेएवढी जाड. जेवणाच्या सुट्टीत मात्र हाच प्राणी माबो-तोफू हा झणझणीत पदार्थ खायला चीनमधल्या सिचुआनला जाऊन येतो, महिनाअखेरीला त्याचे खिसे रिकामे असतात, आणि मनातलं सगळं त्याच्या चेहऱ्यावर रंग होऊन उमटतं: समोरच्याला कमी लेखत असेल तर हिरवे पट्टे, उत्तर चुकलं तर जांभळ्यावर फुली, खरा संतापला तर काळाकुट्ट.

म्हणजे इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘विक्षिप्त’ने त्यांची खिचडी होते. एक, त्याच्या सवयी. दुसरी, त्याची शिकवण्याची रीत. जपानीतही या दोघींना वेगळे शब्द आहेत. स्वभावाने विचित्र माणसाला ‘हेन्जिन’ म्हणतात: ‘हेन’ म्हणजे वेगळं, विचित्र आणि ‘जिन’ म्हणजे माणूस. पण रूढ रीत मोडणाऱ्या शिक्षकाला म्हणतात ‘काता-याबुरी’. यातला ‘काता’ म्हणजे साचा, ठरलेला नमुना. कराटेच्या क्लासला जाणारी मुलं हा शब्द रोज ऐकतात. ठरलेल्या हालचालींचा जो क्रम घोटून घेतात, तोच हा काता. ‘याबुरी’ म्हणजे मोडणं, फाडणं.

मराठीतही जोडी तयारच आहे. सवयींसाठी ‘तऱ्हेवाईक’. तऱ्हा हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला, अर्थ रीत, प्रकार. हिंदीतला ‘तरह’ तोच. त्याला नातेवाईकमधला ‘वाईक’ लागला. ज्याची काही खास तऱ्हा आहे तो तऱ्हेवाईक. शब्द बाहेरून, वागण्याकडे बघतो. मनाच्या आरोग्यावर शेरा मारत नाही, म्हणून तो घरच्या माणसालाही चालतो. “आमचे काका जरा तऱ्हेवाईकच” असं आपण हसत सांगतो.

आणि रीत मोडण्यासाठी ‘चाकोरीबाहेरचा’. चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी कच्च्या रस्त्यात पडलेली खोल रेघ. पावसाळ्यानंतर ती वाळून इतकी कडक होते की चाक एकदा तिच्यात बसलं की बाहेर काढायला बैलांना जोर लावावा लागतो. जपान्यांचा साचा, आपली चाकोरी. मला आपली प्रतिमा जास्त आवडते, कारण तिच्यात बाहेर पडायला लागणारी ताकदही दिसते.

आता माझं मत. कोरो-सेन्सेई तऱ्हेवाईक आहे यात वादच नाही. पण चाकोरीबाहेरचा? फक्त अर्धाच. त्याचा एक विषय, ‘मला मारा’, कुठल्याच अभ्यासक्रमात बसणारा नाही. बाकी पाहिलं तर तो जुन्या वळणाचा मास्तर आहे: हाताने प्रश्नपत्रिका काढणारा, प्रत्येक पोराची कच्ची बाजू पाठ असणारा. चाकोरी मोडली ती शाळेने, मागे पडलेल्या मुलांना डोंगरावर ढकलून. हा तर मास्तरकीच्या मूळ वाटेवर आहे. म्हणून ताईंनी ‘तऱ्हेवाईक’ घ्यावा. ‘चाकोरीबाहेरचा’ घ्यायचाच तर तो माणसाला नको, वर्गाला लावावा.

शब्द कुणाच्या तोंडी आहे तेही बघायला हवं. शाळेचा अध्यक्ष किंवा मुख्य इमारतीतले शिक्षक बोलत असतील तर ‘विक्षिप्त’च हवा, कारण त्यांच्या नजरेत तो दुरावा खराच आहे. मुलं बोलत असतील तर ‘चक्रम’, किंवा आजच्या पोरांचं ‘अतरंगी’. आणि वर्ष सरत येताना, तीच मुलं त्याच्याविषयी बोलतील तेव्हा मी ‘अफलातून’ वापरेन. अफलातून म्हणजे प्लेटो. अरबीत त्या ग्रीक तत्त्वज्ञाचं नाव असं झालं, आणि फिरत फिरत मराठीत ते अचाट, जगावेगळं या अर्थाचं विशेषण होऊन बसलं. अ‍ॅरिस्टॉटलसारखा शिष्य घडवणाऱ्या माणसाचं नाव आपण रोजच्या बोलण्यात कौतुक म्हणून वापरतो. शिक्षकासाठी याहून नेमकं विशेषण शोधून सापडणार नाही.

‘विक्षिप्त’ अगदी नेमका बसेल असा अ‍ॅनिमेतला शिक्षक हवाच असेल तर ‘सायोनारा, झेत्सुबोऊ-सेन्सेई’मधला घ्या. त्याचं नाव इतोशिकी नोझोमु. आडनावाची दोन जपानी अक्षरं आडवी, जवळजवळ लिहिली की ती मिळून एकच अक्षर दिसतं, आणि नावासकट ते ‘झेत्सुबोऊ’ असं वाचलं जातं: घोर निराशा. हा गृहस्थ जगातल्या कुठल्याही बारीकशा गोष्टीने निराश होतो. त्याचं मन खरंच विखुरलेलं आहे. मराठीत ही करामत आपल्या आद्याक्षरांच्या पद्धतीने साधता येईल: ‘नि. रा. शास्त्री’. टिंबं काढा आणि जोडून वाचा.

नावांवरून कोरो-सेन्सेईकडे परत येऊ. ‘कोरोसेनाइ’ म्हणजे मारता न येणारा. कोरोसेनाइ आणि सेन्सेई यांच्यातला ‘सेन’ सामाईक धरून मुलांनी ते नाव पाडलं. मराठीत ‘अवध्य गुरुजी’ अर्थाने बरोबर आहे, पण पुराणातला वाटतो. त्यापेक्षा आपल्या ‘-एना’ या रूपाकडे बघा. दार उघडेना, गाडी सुरू होईना, पोर झोपेना. नुसता नकार नाही तो. खटपट करून दमलो, तरी होत नाही, असा त्याचा अर्थ आहे. वर्षभर चाकू आणि गोळ्या घेऊन मागे लागलेल्या वर्गाला हाच नकार हवा. त्याच्यापुढचं रूप ‘मरेनासा’: दिसेनासा झाला, बोलेनासा झाला, तसा मरेनासा. मरेनासा आणि सर, दोन्हींतला ‘स’ एकमेकांत मिसळला की ‘मरेनासर’. जपानी नावातल्यासारखंच दोन शब्दांनी एक अक्षर वाटून घेतलं. नावाचा अर्थ सांगताना ताईंनी हे एकदा लिहावं. पुढे मात्र मूळ नावच चालू द्यावं.

तसंच ‘सेन्सेई’ही ठेवावं. ‘सेन’ म्हणजे आधी, ‘सेई’ म्हणजे जन्म, जीवन. आपल्या आधी जन्मलेला. जपानीत डॉक्टर, वकील, लेखक यांनाही सेन्सेई म्हणतात, तेव्हा तो शब्द ‘शिक्षक’पेक्षा मोठा आहे. आपल्याकडे गावोगावच्या कराटे क्लासमुळे मुलांना तो परकाही राहिलेला नाही. ‘गुरुजी’ म्हटलं की डोळ्यांपुढे प्राथमिक शाळा येते, आणि ही मुलं आपल्या नववीच्या वयाची आहेत. ‘मास्तर’ला माझा जीव ओढतो. तो इंग्रजीतून आला आणि मेस्त्री पोर्तुगीजांकडून, तरी दोघेही लॅटिन ‘मागिस्तेर’चे वंशज, हाताने काम शिकवणारा आणि फळ्यावर शिकवणारा एकाच घरातले. पण वर्णनात ‘मास्तर’ आणि हाक मारताना ‘सेन्सेई’, अशी वाटणी मला योग्य वाटते.

आणखी एक लकब हातातून निसटू देऊ नका. कोरो-सेन्सेई मुलांशी बोलताना स्वतःला ‘मी’ म्हणण्याऐवजी ‘सेन्सेई’ म्हणतो. हे ऐकून मला माझी आत्या आठवली. ती बालवाडीत शिकवायची: “बाई आता फळा पुसणार, मग बाई गोष्ट सांगणार.” ही सवय मराठीत जशीच्या तशी आणता येते. शिवाय तो मुलांशी नेहमी आदरार्थी भाषेत बोलतो. मराठी शिक्षक चौदा वर्षांच्या पोराला ‘तू’च म्हणेल, पण इथे ‘तुम्ही’ ठेवलं तर त्याची तऱ्हा विशेषणाशिवायच कळते.

शेवटी, ताईंनी विचारला नाही पण त्यांना अडणार आहे असा शब्द: ‘तेइरे’. ‘ते’ म्हणजे हात, ‘इरे’ म्हणजे आत घालणं. बागेची, केसांची, हत्याराची देखभाल म्हणजे तेइरे. कारुमा नावाचा बंडखोर मुलगा (नाव आपलंच, ‘कर्म’चं जपानी अक्षर आहे ते) सेन्सेईवर हल्ला करतो, आणि सेन्सेई दर वेळी वेगाच्या जोरावर त्याची तेइरे करून मोकळा होतो: कधी नखं रंगवून देतो, कधी अंगावर एप्रन चढवतो. पोराला लाज आणावी आणि त्याच वेळी त्याची काळजीही घ्यावी, असा तो प्रकार. शेवटी कारुमा कड्यावरून उडी मारतो. वाचवायला आला तर गोळी घालू, नाही आला तर शिक्षक म्हणून तो संपला, असा त्याचा डाव. सेन्सेई सोंडांचं जाळं विणून त्याला झेलतो.

‘तेइरे’ला मराठीत ‘निगा’ आहे. तो फारसी ‘निगाह’वरून आला, म्हणजे जपानी हात घालतो तिथे आपण डोळा ठेवतो. पण निगा फार मऊ आहे. ‘मशागत’मध्ये कष्ट आहेत, नांगराचा फाळ आहे, ढेकळं फुटतात, आणि तरी हे सगळं पेरणीसाठी चाललेलं असतं. मी असं लिहीन (नावापुढचं ‘कुन’ हे मुलग्यांना लावायचं जपानी संबोधन): “या कारुमा-कुन, सेन्सेई आता तुमची थोडी मशागत करणार आहेत.”